आधी निळं, मग काळं: मार्केट यार्डातल्या एका लिनक्स लॅपटॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डातलं एक अडत दुकान. मुख्य धंदा हळदीचा, जोडीला थोडा बेदाणा. दुकानाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात आणि हिशेब बघणाऱ्यांना दिवाणजी, तेवढी ओळख पुरे. मी विश्रामबागेत एका संस्थेची संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. अण्णांचं आणि आमचं घर एकाच गल्लीत, म्हणून अधूनमधून 'सर, जरा बघून जाता का' असा फोन येतो.

अण्णांचं जुनं घर गावभागात. 2019 च्या पुरात तिथे ठेवलेल्या कित्येक वर्षांच्या वह्यांचा लगदा झाला. त्यानंतर दुकानाचा हिशेब लॅपटॉपवर आला. आधी त्यावर विंडोज होतं. मग पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला, मशीन रांगायला लागलं, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्यानं त्यावर लिनक्स मिंट 21 टाकून दिलं. दिवाणजी साठीच्या पुढचे, पण लिबरऑफिसच्या तक्त्यात पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेबाचा कागद, करायला पंधरा दिवसांत शिकले. वजन टाकलं, दर टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात पडायची रक्कम खाली येते. 'चुकत नाही आणि खोडावं लागत नाही' हे त्यांचं प्रमाणपत्र.

या प्रकरणात पुढे महत्त्वाची ठरलेली एक सवय इथेच सांगतो. हा लॅपटॉप कधी बंद होत नसे. संध्याकाळी झाकण मिटायचं, सकाळी उघडायचं, काल जिथे होतो तिथून पुढे. चार्जर कायम लावलेला. एरवी यात वावगं काही नाही. माझाही लॅपटॉप असाच चालतो, किंवा चालायचा.

लॅपटॉपमध्ये चित्र काढणारे दोन भाग होते. इंटेलच्या प्रोसेसरमधलाच एक, आणि वेगळं छोटं एनव्हिडिया कार्ड. अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये समोरचा पडदा इंटेलला जोडलेला असतो आणि बाहेरच्या टीव्हीसाठीचं एचडीएमआय तोंड एनव्हिडियाला. याही लॅपटॉपचं तसंच होतं.

सोमवारची सकाळ

शनिवारी, 11 एप्रिलला संध्याकाळी वळीव आला. गडगडाट सुरू झाल्यावर दिवाणजींनी नेहमीप्रमाणे सगळ्या पिना उपसल्या, लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि शटर ओढलं. रविवार सुट्टी. सोमवारी सकाळी झाकण उघडलं तर काहीच नाही. पिन लावून बटण दाबलं. कंपनीचा लोगो आला, गेला आणि पडदा काळा. डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत होती, एवढंच.

दिवाणजींनी बटण दाबून धरून बंद केलं, परत चालू केलं. तेच. असं चार वेळा.

सव्वानऊला मला फोन आला. "सर, वीज पडून डिस्प्ले गेला बघा. आज अकरा जणांच्या पट्ट्या द्यायच्यात, उद्या जयंतीची सुट्टी." 14 एप्रिलला यार्ड बंद, म्हणजे सोमवारी पट्टी झाली नाही तर गावाकडून आलेला शेतकरी रिकाम्या हातानं परत जाणार. अडत दुकानाची पत याच गोष्टीवर टिकते.

हिशेबाची शेवटची प्रत पेन ड्राइव्हवर होती ती जानेवारीची. हळदीचा हंगाम सुरू झाला त्यानंतर. वह्या पुरात गेल्या म्हणून लॅपटॉप आणला आणि लॅपटॉपची प्रत काढायची राहिली. अण्णा मला म्हणाले ते असं: "एकदा नदीनं नेलं, आता विजेनं."

अडचण नेमकी काय होती

काळा पडदा हे ताप आल्यासारखं लक्षण आहे. ताप कशानंही येतो. लॅपटॉप चालू होताना काम हातोहात पुढे जातं. आधी फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डमध्येच बसवलेला प्रोग्राम, जागं होतं, ते ग्रब नावाच्या बूट लोडरला बोलावतं, ग्रब कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलून आणतो, कर्नल एकेक यंत्र ओळखीचं करून घेतो, मग सेवा सुरू होतात आणि सगळ्यात शेवटी लॉगिनचा पडदा दाखवणारा कार्यक्रम येतो. मिंटमध्ये तो लाइटडीएम. यांतल्या कुठल्याही टप्प्यावर गाडी अडली तरी माणसाला दिसतं ते एकच, काळं.

त्यामुळे पहिला प्रश्न 'काय बिघडलं' हा नव्हे, 'कुठपर्यंत पोहोचलं' हा. त्यासाठी काही उघडावं लागत नाही. कंपनीचा लोगो स्वच्छ दिसत होता, म्हणजे पडदा, त्याची केबल आणि मागचा उजेड हे तिन्ही ठणठणीत. विजेनं डिस्प्ले गेला असता तर लोगोही दिसला नसता. कोपऱ्यातली रेघ लुकलुकत होती. मी फोनवर दिवाणजींना कॅप्स लॉक दाबायला सांगितलं. "दिवा लागतोय, विझतोय," ते म्हणाले. म्हणजे कर्नल जिवंत आहे आणि कीबोर्डचं ऐकतोय. मशीन झोपलेलं नव्हतं, फक्त त्याला तोंड दाखवता येत नव्हतं.

इथपर्यंत मी बरोबर होतो. पुढचा पाऊण तास चुकलो.

फोनवरची चूक

दिवाणजी बोलता बोलता म्हणाले होते, "पहिल्यांदा लावला तेव्हा आधी निळं आलं होतं, इंग्रजीत कायतरी, खाली आकडे उतरत होते, दहा, नऊ, आठ. मग गेलं आपोआप. नंतर काळं." मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. निळा पडदा म्हटल्यावर डोक्यात विंडोजचा निळा पडदा आला, आणि इथे विंडोज नाही, म्हणजे दिवाणजींचा काहीतरी गोंधळ झाला असणार, असं मी धरून चाललो.

या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा तोच होता, आणि साक्षीदारानं तो मागितल्याशिवाय दिला होता. मी त्यांना उलट विचारायला हवं होतं: निळं किती वेळा आलं? दुसऱ्यांदा चालू केलं तेव्हाही आलं का? त्यांनी 'नाही, एकदाच' असं सांगितलं असतं आणि तिथेच निम्मं कोडं सुटलं असतं.

त्याऐवजी मी सवयीनं दोन उपाय सांगितले. पहिला, चालू करताना एस्केप दाबून ग्रबची यादी आणायची आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडायचा. नव्या कर्नलमुळे बिघाड झाला असेल तर जुन्यावर मशीन उठतं. लोगो दिसायला लागला की एस्केप दाबायची वेळ साधावी लागते, दिवाणजींना ती तिसऱ्या प्रयत्नात जमली. जुन्या कर्नलवरही काळंच.

दुसरा उपाय नोमोडसेटचा. ग्रबच्या यादीवर 'ई' दाबून, लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हा शब्द जोडायचा आणि एफ10 दाबायचं. यानं कर्नल ग्राफिक्सचं स्वतःचं काम बाजूला ठेवतो आणि साध्या पद्धतीनं पडदा चालवायचा प्रयत्न होतो. फोनवरून इंग्रजी अक्षरं एकेक करून सांगणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. "एन नळातला, ओ ओव्याचा..." तरीही काळंच.

दोन्ही उपाय फसल्यावर दुकानात एक मत पक्कं झालं: हार्डवेअर गेलं. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन झाला. तो म्हणाला, आणून द्या, फॉरमॅट मारून विंडोज टाकतो, तीन तासांत देतो. फॉरमॅटच्या आधी आतलं काढून ठेवणार का, हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मी म्हटलं, अण्णा, मी येईपर्यंत हात लावू नका. साडेदहाला यार्डात पोहोचलो.

समोर असलेले पर्याय

दुकानात गेल्यावर मी आधी खुर्ची ओढून बसलो आणि अण्णांना चहा सांगायला लावला. हा सल्ला म्हणून सांगत नाही, मला खरंच विचार करायला वेळ हवा होता.

पर्याय चार होते. दुरुस्तीवाल्याकडे देणं हा सगळ्यात सोपा, आणि त्यानं मशीन दुपारपर्यंत चालूही झालं असतं, फक्त तीन महिन्यांचा हिशेब गेला असता. दुसरा, पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवून आतल्या फायली बाहेर काढणं आणि त्या दिवसाच्या पट्ट्या माझ्या लॅपटॉपवर करणं. हा वाईट नव्हता, राखीव ठेवला. तिसरा, आहे त्याच लिनक्समध्ये अक्षरांच्या पडद्यावर जाऊन नोंदी वाचणं. चौथा, बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या पडद्यावर, जाऊन सेटिंग बदलत बसणं. चौथ्याला मी हात लावणार नव्हतो. कारण माहीत नसताना सेटिंग बदललं की एका बिघाडाचे दोन होतात आणि मग कुठला आपला आणि कुठला आधीचा ते कळत नाही.

तिसरा निवडला, आणि एक अट घातली: दुरुस्तीला हात लावायच्या आधी हिशेबाची प्रत बाहेर.

अक्षरांच्या पडद्यावर

काळ्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकदम दाबलं. एका सेकंदात पांढरी अक्षरं आली: मशीनचं नाव आणि पुढे लॉगिन. अण्णा उठून मागे येऊन उभे राहिले. "म्हणजे गेला नाही तर!"

गेला नव्हता, पण आत जायला पासवर्ड लागतो. मशीनवर आपोआप लॉगिन लावून ठेवलेलं, त्यामुळे तीन वर्षांत कुणी पासवर्ड टाकलाच नव्हता. पुतण्याला पुण्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला, पासवर्ड मिळाला. टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. दिवाणजी म्हणाले, "सर, बटणं पण गेली वाटतं." ही लिनक्सची रीतच आहे, आंधळेपणानं टाकायचा आणि एंटर दाबायचं.

फोनवर असतानाच मी पुतण्याला विचारलं, "हल्ली यावर काही केलं होतंस का?"

"नाही सर. मी काहीच केलेलं नाही."

हे उत्तर लक्षात ठेवा.

आत गेल्यावर डिस्क भरली आहे का ते आधी पाहिलं, कारण डिस्क काठोकाठ भरली तरी लॉगिनचा पडदा येत नाही. 61 टक्के भरली होती, म्हणजे ते कारण नाही. मग पेन ड्राइव्ह लावला, आज्ञा देऊन सिस्टिमला जोडून घेतला (याला माउंट करणं म्हणतात) आणि पट्टीचं अख्खं फोल्डर त्यावर उतरवलं. कॉपी झाल्यावर फायलींची संख्या दोन्हीकडे मोजून पाहिली. अण्णांना पेन ड्राइव्ह काढून हातात दिला. त्यांनी तो शर्टाच्या आतल्या खिशात, पाकिटामागे ठेवला. तिथून पुढे दुकानातला आवाज खाली आला. दुरुस्ती अजून सुरूच झाली नव्हती, पण माझ्या मते सोमवारचा निम्मा प्रश्न इथे सुटला होता.

शनिवार की मार्च

सगळे शनिवारच्या विजेला धरून बसले होते, कारण शनिवारी चालत होतं आणि सोमवारी चालत नव्हतं. मीही तसाच विचार करत होतो. मग जर्नलसीटीएल या आज्ञेला आजवरच्या बूटांची यादी मागितली. प्रत्येक वेळी मशीन केव्हा चालू झालं आणि केव्हा थांबलं ते त्यात ओळीनं येतं. आजच्या सकाळच्या सात-आठ ओळी होत्या, सगळ्या दिवाणजींच्या बटणाच्या. त्यांच्या वरची ओळ 2 मार्चला सुरू होऊन थेट एप्रिलपर्यंत आलेली.

म्हणजे हे मशीन सहा आठवडे रीबूटच झालेलं नव्हतं. शनिवारी पिन काढली, झाकण मिटलं, जुनी बॅटरी रविवारी रात्री कधीतरी संपली आणि सोमवारी पहिल्यांदाच ते मुळापासून सुरू झालं. विजेचा संबंध एवढाच की तिच्या भीतीनं पिन निघाली.

इथे प्रश्नच बदलला. 'शनिवारपासून काय झालं' याऐवजी '2 मार्चपासून काय काय बदललं' असं विचारायचं होतं. पूर्वी हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद भरून तोंड लिंपलं की वरून सगळं ठीकच दिसायचं, आत पाणी मुरलंय की नाही ते पेव फोडल्यावरच कळायचं. हा लॅपटॉप सहा आठवडे तसा लिंपलेला होता.

काय बदललं त्याची नोंद मिंट स्वतःच ठेवतं. पॅकेजं आणणाऱ्या-काढणाऱ्या एपीटी या साधनाच्या इतिहासाच्या फाइलमध्ये कुठलं पॅकेज कधी आलं ते तारखेसह असतं. 2 मार्चनंतरच्या दोन नोंदी डोळ्यांत भरल्या. 28 मार्चला आपोआप अपडेटमधून नवा कर्नल आला होता. आणि 19 मार्चला कुणीतरी हातानं एनव्हिडियाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, टाकला होता. कर्नलवरचा संशय सकाळीच फिटला होता, कारण जुन्या कर्नलवरही काळंच आलं होतं. फोनवरचा पाऊण तास वाया गेला म्हणून मी स्वतःवर चिडलो होतो, त्यातून निदान एवढं निघालं.

"19 मार्चला काय होतं ओ?" मी विचारलं.

दिवाणजींनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करून पाहिलं. "पाडवा."

अण्णांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं. पाडव्याच्या मुहूर्तावर तो टीव्ही दुकानात आला होता. दिवसाचे दर मोठ्या अक्षरात लावायचे म्हणून. पुतण्या सणाला घरी आलेला, त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडून बघितला. चित्र थरथरत होतं. ड्रायव्हर टाकला, एक व्हिडिओ बघून अजून एक आज्ञा चालवली. मशीन रीस्टार्ट करा असं आलं, पण दिवाणजींची पट्टी उघडी होती. 'नंतर बघू' म्हणून विषय संपला. संध्याकाळी तो पुण्याला गेला.

त्याला परत फोन केला. "अहो सर, पण ते झालंच नव्हतं ना!"

तो खोटं बोलत नव्हता. जमलं नाही ते केलंच नाही, असा आपला सगळ्यांचा हिशेब असतो. मशीनचा तसा नसतो. त्याच्याकडे अर्धवट कामही पुढच्या बूटची वाट बघत थांबतं.

दोन गाठी

आता दोन जागी नोंदी वाचल्या. कर्नलच्या नोंदीत लिहिलं होतं की एनव्हिडियाचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये जाणारा भाग, त्याच्या सहीची किल्ली ओळखीची नसल्यामुळे नाकारलं. ग्राफिक्स सुरू करणाऱ्या एक्सऑर्गच्या लॉगमध्ये शेवटी दोन 'ई' कंसात असलेली ओळ होती, म्हणजे चूक, आणि पुढे अर्थ असा की एकही पडदा सापडला नाही.

पहिली गाठ सिक्युअर बूटची. फर्मवेअरमधलं हे संरक्षण चालू असेल तर ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल कर्नलमध्ये शिरू शकत नाही. मशीनवरच बांधलेल्या ड्रायव्हरवर मिंट एक नवी सही करतं, आणि ती सही आपलीच आहे हे पुढच्या बूटला माणसानं समोर बसून कबूल करायचं असतं. त्यासाठी जो पडदा येतो, तो निळा. दहा सेकंद वाट बघतो. कळ दाबून किल्ली नोंदवली नाही तर बूट पुढे जातो आणि ती विनंती रद्द होते, दुसऱ्यांदा निळं येत नाही. यार्डाच्या गेटवर नवा माणूस आला, वॉचमननं दुकानात फोन केला, कुणी उचलला नाही, त्यानं त्याला परत पाठवलं. वॉचमनचं काय चुकलं? दिवाणजींनी पाहिलेले उतरते आकडे ते हेच.

त्यातच एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना नूवो हा आधीचा मुक्त ड्रायव्हर काळ्या यादीत जातो. म्हणजे नवा आत आला नाही आणि जुना घरी बसवलेला.

तरीसुद्धा समोरचा पडदा इंटेलवर होता, तो चालायला हवा होता. तो का चालला नाही, ही दुसरी गाठ. व्हिडिओ बघून चालवलेल्या त्या आज्ञेनं एक्सऑर्गसाठी एक सेटिंगची फाइल तयार करून ठेवली होती, आणि तिच्यात एकाच कार्डाचं नाव होतं, एनव्हिडिया. आजकाल एक्सऑर्ग कार्ड आपलं आपण शोधतो, ही फाइल बहुतेक मशीनवर नसतेच. पण ती असली की तो तिचं ऐकतो. फाइल म्हणते एनव्हिडियाच वापर, एनव्हिडिया गेटवर अडलेलं, इंटेल शेजारी मोकळं बसलेलं पण त्याला कुणी बोलवत नाही. लाइटडीएमनं तीन-चारदा प्रयत्न करून नाद सोडला. उरली लुकलुकणारी रेघ.

सकाळचे माझे दोन्ही उपाय का फसले तेही इथे उलगडलं. फाइल आणि काळी यादी दोन्ही कर्नलना सारखीच लागू, म्हणून जुन्या कर्नलनं काही साधलं नाही. आणि नोमोडसेटनं फाइलमधला हुकूम बदलत नाही, उलट इंटेलचंही कर्नलमधलं काम थांबतं.

केलेली कृती

अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करायचं की मागे घ्यायचं, हा निर्णय उरला होता. पूर्ण करायचं तर किल्लीची विनंती पुन्हा टाका, रीबूट करा, निळ्या पडद्यावर ती नोंदवा, मग टीव्ही-इंटेल-एनव्हिडियाचं जमवा. सिक्युअर बूट बंद करणं हा त्यातलाच आडमार्ग. मॉड्यूल आत आलं असतं, पण फाइल एनव्हिडियाचंच नाव घेत राहिली असती आणि समोरचा पडदा बहुधा काळाच राहिला असता. अकरा वाजून गेले होते. अण्णांना टीव्ही नको होता, पट्टी हवी होती. मागे घ्यायचं ठरवलं.

सेटिंगची ती फाइल पुसली नाही, फक्त तिच्या नावापुढे 'जुनी' असं जोडलं, म्हणजे एक्सऑर्गला ती सापडणार नाही आणि मला लागली तर राहील. दुसरं काहीही न करता लाइटडीएम परत सुरू केला. पडदा एकदा काळा झाला, आणि मग मिंटचा हिरवा-राखाडी पडदा, आपोआप लॉगिन, डेस्कटॉपवर दिवाणजींनी लावलेला सांगलीच्या गणपतीचा फोटो. दिवाणजींनी हात जोडले. ते सवयीनं की सुटकेनं, ते मी विचारलं नाही.

एक बदल, मग तपासणी, असं केल्यामुळे काळेपणाला थेट जबाबदार ती फाइल होती हे सिद्ध झालं. त्यानंतर एनव्हिडियाची सगळी पॅकेजं मुळासकट काढली, त्याबरोबर काळी यादीही गेली आणि नूवो परत कामावर आला. मग पूर्ण बंद करून दोनदा चालू केलं. चालू मशीनवर डेस्कटॉप दिसला म्हणून दुरुस्ती झाली असं धरलं असतं तर मी पाडव्याचीच चूक पुन्हा केली असती.

तक्ता उघडल्यावर लिबरऑफिसनं फाइल परत मिळवायची का असं विचारलं. बॅटरी संपली तेव्हा ती उघडीच होती. शनिवारची शेवटची एक पट्टी त्यात आली नाही. ती कच्च्या कागदावर होती, दिवाणजींनी परत घातली.

परिणाम

पावणेबाराला पहिली पट्टी छापून आली. दोनच्या आत अकराही झाल्या. एक शेतकरी तासगावकडचे, सकाळपासून बाकावर बसून सगळं बघत होते. पट्टी घेताना मला म्हणाले, "आमचा मोबाइल पण काळा पडतोय, बघता का?" त्याची बॅटरी फुगली होती, ती माझ्या हातातली गोष्ट नव्हती.

दुरुस्तीवाल्याला अण्णांनी फोन करून नको म्हणून कळवलं. पुतण्या मे महिन्यात आला तेव्हा हंगाम ओसरला होता. या वेळी आधी प्रत काढली, ड्रायव्हर टाकला, तिथल्या तिथे रीबूट केला, निळा पडदा आल्यावर दिवाणजींना मुद्दाम हाक मारून दाखवला आणि किल्ली नोंदवली. सेटिंगची फाइल बनवायची आज्ञा मात्र चालवली नाही. टीव्हीवर चित्र स्थिर आलं.

वेगळं काय करता आलं असतं

पुतण्याचं चुकलं ते ड्रायव्हर टाकण्यात नाही. ग्राफिक्स, कर्नल, बूट यांतलं काहीही बदललं की त्याच बैठकीत रीबूट करायला हवा, आणि तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी बदल करायचा नाही. हंगामात, दिवाणजींची पट्टी उघडी असताना, तो करायलाच नको होता. पण सणाला घरी आलेल्या पोराला काका म्हणतात 'एवढं जोडून दे', तेव्हा नाही कोण म्हणणार?

माझ्यापुरतं म्हणायचं तर मी उपायांपासून सुरुवात केली. जुना कर्नल आणि नोमोडसेट हे दोन्ही उपाय चांगले आहेत आणि कितीतरी मशीन त्यांनी उठतात. पण बूटांची यादी आणि एपीटीचा इतिहास या दोन गोष्टी आधी पाहिल्या असत्या तर वीस मिनिटांचं काम होतं. फोनवर ते जमलं नसतं हे खरं, अक्षरांच्या पडद्यावर दिवाणजींना नेणं अवघड होतं. निळ्या पडद्याबद्दल विचारणं मात्र अवघड नव्हतं. संगणक न कळणारा माणूस जे दिसलं ते तसंच सांगतो. मला कळतं म्हणून मी त्यातलं अर्धं गाळलं.

चार वेळा बटण दाबून बंद करण्यानं इथे काही बिघडलं नाही. लिनक्सची फाइलव्यवस्था असे धक्के बरेचसे सोसते. तरी तिसऱ्यांदा तेच झाल्यावर थांबायला हवं, चौथ्यांदा वेगळं काही होत नाही.

पासवर्ड दुकानात कुणालाच माहीत नसणं ही गोष्ट त्या दिवशी दहा मिनिटांवर निभावली. पुतण्या विमानात असता तर रिकव्हरी मोडमधून जावं लागलं असतं. आता तो बंद पाकिटात तिजोरीत आहे.

आणि प्रत. दर शनिवारी दोन पेन ड्राइव्ह आलटून पालटून, एक दुकानात, एक अण्णांच्या विश्रामबागेतल्या घरी. गावभागात नाही.

शनिवारी प्रत काढून झाल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करून एकदा चालू करून बघायचा, असंही ठरलं. लॅपटॉपवर कुणी काय केलं ते लिहायला एक वही ठेवावी, असं मी सुचवलं होतं. दिवाणजींनी त्यासाठी लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी काढली आणि पहिल्या पानावर श्री घातला. पहिली नोंद त्यांच्या अक्षरात आहे: "ता. 18 एप्रिल, शनिवार. प्रत काढली. बंद करून चालू केले. निळे आले नाही."